यामादेरा: हजार पायऱ्यांच्या नादात खालचा दिवा चुकवू नका

आईला जपान दाखवायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, की उंच उंच बिल्डिंगा आणि मॉल नको, एखादा चांगला जुना विहार दाखव. क्योतोला सगळेच जातात आणि तिथे गर्दीही भयंकर, म्हणून मी जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागातलं यामादेरा निवडलं. पायऱ्या १०१५ आहेत हे मला माहीत होतं, आईला मी "थोड्या पायऱ्या आहेत" एवढंच सांगितलं होतं. हे पाप माझ्या खात्यावर. आई ६४ वर्षांची, डावा गुडघा कुरकुरतो, तरी चढली. पण हा रिव्ह्यू पायऱ्यांसाठी लिहीत नाहीये. पायऱ्यांबद्दल सगळेच लिहितात आणि वरून काढलेला तो एकच फोटो सगळे टाकतात, मला खाली राहून जाणाऱ्या गोष्टीबद्दल सांगायचंय.

पोचायचं कसं ते पटकन सांगते. तोक्योहून शिंकान्सेनने सेंदाई साधारण दीड तास, तिथून सेन्झान लाईनची लोकल पकडायची आणि तासाभरात यामादेरा स्टेशन. यामागाता शहराकडून आलात तर अजून जवळ, वीसेक मिनिटं. लोकल साधारण तासाला एक असते हे डोक्यात पक्कं ठेवा, आम्ही ठेवलं नाही, त्याचं पुढे सांगते. बॅगा सेंदाईलाच लॉकरमध्ये टाका, चाकाची बॅग घेऊन इथे आलेलं एक जोडपं दिसलं, त्यांच्याकडे बघून मलाच घाम फुटला. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, हवा मस्त गार, पानं लाल-पिवळी व्हायला लागलेली. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ असतो आणि दगडी पायऱ्या त्यात, तेव्हा वयस्कर माणसांना घेऊन जायचा विचारही करू नका.

तर आता मुख्य. यामादेरा म्हणजे सरळ अर्थ डोंगरावरचं मंदिर, हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री नाव होजुसान रिश्शाकुजी. ८६० साली एन्निन नावाच्या भिक्खूने स्थापन केलं असं मानतात, हा एन्निन म्हणजे त्याआधी नऊ-दहा वर्षं चीनमध्ये पायपीट करून धम्म शिकून आलेला माणूस, तेन्दाई या जपानी बौद्ध पंथाचा. स्टेशनातून बाहेर पडून पूल ओलांडला, दुकानांच्या गल्लीतून गेलं की चढायची पहिली जागा येते, आणि पहिल्या थोड्याशा पायऱ्या संपल्या की समोरच एक काळपट लाकडी मोठं देऊळ दिसतं. कोन्पोन चूदो. लोक काय करतात, एक फोटो काढतात, बाहेर नाणं टाकतात आणि डावीकडे वळून चालू पडतात कारण डोक्यात १०१५ असतात. मीसुद्धा तेच करणार होते. आईने बूट काढले म्हणून आत गेलो. आत जायचं वेगळं तिकीट आहे, किरकोळ रक्कम, आणि ते वाचवणारे लोक नंतर खाली आईसक्रीमवर त्याहून जास्त घालवतात, असो.

हे देऊळ १३५६ चं आहे, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं, आणि त्या लाकडाच्या इमारतींमध्ये जपानातली सगळ्यात जुनी म्हणून सांगतात. आत अंधार, उदबत्तीचा वास, लाकूड शतकानुशतकं धुराने काळं पडलेलं. मुख्य मूर्ती याकुशी न्योराईची, म्हणजे आपला भैषज्यगुरू बुद्ध, औषध देणारा. ती दिसत नाही, बंद असते, २०१३ साली ५० वर्षांनी उघडली होती. आईला हे अजिबात पटलं नाही. "बुद्धाला कोंडून कशाला ठेवायचं?" असं ती मोठ्याने म्हणाली, नशीब तिथल्या भिक्खूंना मराठी येत नाही. दारापाशी एक गोल पोटाची हसरी लाकडी मूर्ती आहे, होतेईची, लोक हात लावून लावून ती तुळतुळीत झालीये. आई म्हणाली हा लाफिंग बुद्धा ना, दुकानात मिळतो तो, हा बुद्ध नव्हेच. बरोबर आहे तिचं, तो चिनी भिक्खू होता, त्याला नंतर मैत्रेयाचा अवतार मानायला लागले. पण हात तिनेही लावला.

आणि मग तो दिवा. आत एक ज्योत आहे, फार मोठी बिती नाही, नीट लक्ष दिलं नाही तर इतर दिव्यांमध्ये हरवून जाईल. याला ते न विझणारा धर्मदीप म्हणतात, आपल्या भाषेत नंदादीप. ही ज्योत मूळची क्योतोजवळच्या हिएई डोंगरावरच्या एन्र्याकुजीची, तेन्दाई पंथाचं मुख्य ठिकाण, सैचो या भिक्खूने ७८८ साली सुरू केलेलं. तिथून ती इथे आणली. पुढे सोळाव्या शतकात इथेच लढाईत जाळपोळ झाली आणि दिवा गेला, तेव्हा परत हिएईवरून ज्योत आणली. आणि मग १५७१ साली ओदा नोबुनागा या सरदाराने हिएईचा अख्खा डोंगर पेटवून दिला, देवळं जाळली, माणसं मारली, तिथला दिवा विझला. तेव्हा मूळ ठिकाणी ज्योत परत नेली ती इथून, यामादेराहून! म्हणजे आईने लेकीला दिलं, लेकीचं गेलं तर परत दिलं, आणि आईचं गेलं तेव्हा लेकीने आणून दिलं.

मी हे सगळं तिथल्या माहितीपत्रकावरून आणि मोबाईलवर वाचून आईला मोडकंतोडकं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मांडी घालून, गुडघा दुखत असूनही मांडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या बोधिवृक्षासारखंच की." मला आधी कळलंच नाही. तिने समजावलं, बोधगयेच्या झाडाची फांदी संघमित्रेने श्रीलंकेत अनुराधापूरला नेली, इकडचं झाड गेलं, तिकडचं राहिलं, आणि आपल्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्या अनुराधापूरच्याच रोपाचा. मी कॉम्प्युटर इंजिनियर, दहा वर्षं बॅकअपच्याच नावाने पगार घेते, आणि हे मला सुचलं नाही, आईला सुचलं. तिने तिथे हळू आवाजात नमो तस्स म्हटलं, त्रिशरण पंचशील पूर्ण केलं. एक जपानी आजी शेजारी बसल्या होत्या, त्या थांबल्या आणि संपल्यावर हात जोडून वाकल्या. भाषा काही कळली नसेल. पण "बुद्धं" एवढं कळलं असेल बहुतेक.

जपानीत निष्काळजीपणाला युदान म्हणतात, लिहिताना तो शब्द तेल आणि तुटणं अशा दोन अक्षरांचा, आणि लोक सांगतात की तो या दिव्यावरूनच आला, तेल घालायला विसरलं की संपलं. खरं-खोटं ते भाषावाले बघतील, पण तिथे बसून ऐकलं की पटतं. आत फोटो काढायला बंदी आहे, फार बरं आहे.

इथे आमचा पाऊण तास गेला. माझ्या प्लॅनमध्ये दहा मिनिटं होती.

मग पुढे सपाट रस्त्याने चालत गेलं की बाशोचा पुतळा लागतो. हो, हायकूवाला बाशो. १६८९ च्या उन्हाळ्यात तो इथे आला आणि इथल्या शांततेत खडकात मुरत जाणाऱ्या सिकाडांच्या आवाजावर त्याने जो हायकू लिहिला तो जपानात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. गंमत म्हणजे त्याच्या प्लॅनमध्ये हे ठिकाण नव्हतंच, लोक म्हणाले एकदा बघाच म्हणून तो सात री म्हणजे साधारण २८ किलोमीटर वाट वाकडी करून आला. म्हणजे बाशोसुद्धा रिव्ह्यू ऐकूनच आला होता, तेव्हा माझा रिव्ह्यू वाचणाऱ्यांनी लाजायचं कारण नाही. सिकाडा म्हणजे आपल्या रातकिड्याचा दिवसाढवळ्या किंचाळणारा भाऊबंद, आणि बाशोने ऐकला तो नेमका कुठल्या जातीचा यावर गेल्या शतकात तिथल्या साहित्यिकांनी तावातावाने वाद घातला आणि शेवटी खरंच किडे पकडून तपासले. ऑक्टोबरात आम्हाला एकही ऐकू आला नाही. ऐकायचे असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये जा आणि घामाची तयारी ठेवा.

सानमोन दरवाज्यावर वर जायचं तिकीट काढायचं, काही शे येन, रोख जवळ ठेवा. टॉयलेटला इथे खालीच जाऊन घ्या, हा सल्ला वयस्कर माणसांबरोबर जाणाऱ्यांसाठी सोन्यासारखा आहे.

पायऱ्या दगडी, चढ एकदम उभा नाही, प्रत्येक वळणावर टेकायला जागा मिळते, दोन्ही बाजूंना सुगी म्हणजे तिकडच्या देवदारासारख्या झाडांची दाट सावली. एकेक पायरी चढलं की एकेक क्लेश गळून पडतो असं मानतात. आई म्हणाली माझे क्लेश शंभर पायऱ्यांतच संपले, आता फक्त गुडघा उरलाय. सुरुवातीलाच उबादो नावाची छोटी देवळी आहे, आत एका भयानक म्हातारीची दगडी मूर्ती, मेलेल्या माणसांचे कपडे काढून घेणारी ही म्हातारी, आणि असं की इथून खाली नरक आणि वर स्वर्ग. आधीचे लोक इथल्या ओढ्यात अंग धुऊन नवे कपडे घालून वर जायचे. आम्ही पाण्याचा घोट घेऊन गेलो.

त्याच्या पुढे एक अरुंद जागा आहे, दोन खडकांच्या मधून वाट, सगळ्यात चिंचोळ्या ठिकाणी पाऊल ठेवायला फक्त १४ सेंटीमीटर. एन्निनपासून आजपर्यंत जो कुणी वर गेला त्याला पाय इथेच ठेवावा लागला, आईबापाने ठेवला तिथेच पोराने, म्हणून या वाटेला आईबाप आणि लेकरांची वाट असंही म्हणतात. हे मी आईला सांगायच्या आधीच ती पुढे गेली होती आणि मी तिच्या मागून. मग सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता खाली बघून चाल."

बाशोच्या हायकूचा कागद जिथे पुरला ती सेमिझुका नावाची जागा साधारण मधेच येते, तिथे बसायला मिळतं, आम्ही बसलो आणि बसल्यावर उठावंसं वाटेना. तिथून वरचा भाग मला सगळ्यात आवडला, चढताना खडक बघा. हा ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड आहे, वारा-पाण्याने त्याला पोळ्यासारखी भोकं पडलीत, काही माणूस मावेल एवढी, आणि खडकाच्या भिंतीवर जुन्या काळी गेलेल्या माणसांच्या नावाने उंच उंच स्मारकं कोरलीत. त्यांना तोबा म्हणतात, म्हणजे आपला स्तूप, शब्द फिरत फिरत तिथवर गेला आणि झिजला. एका कड्याची झीज अशी झालीये की त्यात उभा अमिदा बुद्ध, म्हणजे अमिताभ, दिसतो म्हणे, पाच मीटरच्या आसपास उंच, आणि ज्याला दिसेल त्याचं भलं होतं. मी दहा मिनिटं बघत होते, दगड दिसला. आईला पाच सेकंदांत दिसला. मी अजूनही म्हणते की तिने मला चिडवायला सांगितलं.

वाटेत ठिकठिकाणी लाकडी खांब उभे दिसतील, त्यात बसवलेलं एक छोटं चाक. मला वाटलं तिबेटी लोकांसारखं प्रार्थनाचक्र असेल. जवळपास तसंच, पण यामागे वेगळं दुःख आहे. तरुणपणी गेलेल्या माणसाच्या नावाने घरचे लोक हा खांब उभा करतात, आणि येणाजाणाऱ्याने नामु अमिदा बुत्सु म्हणत चाक फिरवलं की तो जीव लवकर माणसाच्या जन्माला परत येतो असा विश्वास. आईला सांगितलं तर ती म्हणाली आपण असलं काही मानत नाही, बाबासाहेबांनी सांगितलंय. अगदी बरोबर. ती सात-आठ पायऱ्या वर गेली, थांबली, मला वाटलं गुडघा, पण ती परत खाली आली आणि एका खांबाचं चाक एकदाच फिरवलं. माझा धाकटा मामा बावीसाव्या वर्षी गेला. ती काही बोलली नाही आणि मीपण विचारलं नाही.

निओमोन हा दुसरा मोठा दरवाजा १८४८ चा, दोन्ही बाजूंना रागीट रक्षक. इथून वर आल्यावर जरा खुलं होतं. मधेच एक लाल टपालपेटी आहे, खरीखुरी, चालू असलेली! म्हणजे कुणीतरी पोस्टमन या पायऱ्या नोकरी म्हणून चढतो. खालून पोस्टकार्ड घेऊन जा आणि वरून टाका, आम्हाला हे वर गेल्यावर कळलं.

सगळ्यात वर ओकुनोइन, तिथे एका मोठ्या सोनेरी अमिदाची मूर्ती, तिथेही फोटो नाही. खरं सांगायचं तर चढून चढून आल्यावर ओकुनोइन थोडं साधंच वाटतं, १०१५ संपल्या एवढंच समाधान. फोटोवाली जागा तिथे नाहीच, ती निओमोनच्या पुढे डावीकडे फुटते त्या वाटेवर. आधी काइसान्दो, एन्निनचं मंदिर, त्याला लागून एका सुळक्याच्या टोकावर नोक्योदो, छोटीशी लाल लाकडी खोली, लिहून काढलेली सूत्रं ठेवायची, आणि तिच्या खालच्या गुहेत एन्निनची समाधी. विसाव्या शतकात ती तपासली तेव्हा सोन्याचा वर्ख लावलेली लाकडी पेटी मिळाली. त्याच्या थोडं वर गोदाईदो, कड्यावरून बाहेर काढलेला लाकडी सज्जा, आणि तिथून खालची दरी, नदी, घरांची छपरं, आणि मधून जाणारी ती आपलीच लोकल, खेळण्यातल्यासारखी. गर्दी होती, सेल्फीसाठी लाईन होती, एका ग्रुपने कठडा वीस मिनिटं अडवून ठेवला. तरी वारा असा येतो की राग टिकत नाही. आई खांबाला टेकून डोळे मिटून बसली, आणि मला वाटतं तिला व्ह्यूपेक्षा बसायला मिळालं याचंच जास्त सुख होतं.

आम्हाला चढायला दीड तास लागला, उतरायला तासभर. रिकाम्या पोरांना चाळीस मिनिटांत जमेल. उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा, काठी न्याच, आईला न्यायला मी विसरले आणि माझ्या खांद्याचा वापर झाला.

खाण्याचं, आणि हे शाकाहारी लोकांनी नीट वाचा. पायथ्याला सगळीकडे काडीला टोचलेले तपकिरी गोळे मिळतात, तामा कोन्न्याकू, सोया सॉसमध्ये उकळलेले, वर तिखट मोहरी. कोन्न्याकू हा कंद आहे, म्हणजे शाकाहारी, असं समजून मी एकदा आधी खाल्लं होतं, पण त्या पातेल्यात चवीला बरेचदा सुका माकूळ टाकतात. एका दुकानात मी विचारलं, दुकानदार छान हसून नाही म्हणाला आणि पुढच्याच मिनिटाला पातेल्यातून झाऱ्यावर अख्खा माकूळ वर आला. सोबा नूडल्सच्या रश्शातही मासा असतोच. आम्ही दोघी मांसाहारी, मला काही फरक पडत नाही, आईने तर माकूळ बघून अजून एक काडी मागितली, पण विचारलं तर खरं सांगावं ना माणसाने. तुम्हाला नको असेल तर चेरीचं आईसक्रीम घ्या, यामागाता चेरीसाठी प्रसिद्ध आहे, नाहीतर सेंदाईला परत जाऊन झुन्दा मोची खा, कोवळ्या सोयाबीनच्या हिरव्या सारणाची, आईला ती पुरणाची बहीण वाटली.

तक्रारी दोनच. एक म्हणजे इंग्रजी पाट्या कमी, नावं आहेत पण गोष्ट नाही, आणि इथली सगळी मजा गोष्टीत आहे, त्यामुळे आधी थोडं वाचून जा नाहीतर चाकं, खांब, भोकं सगळं नुसतं बघून परत याल. दुसरी म्हणजे म्हाताऱ्या किंवा पायाने अधू माणसांना वर जायची कुठलीच सोय नाही, लिफ्ट नाही, रोपवे नाही. आता एवढ्या जुन्या डोंगराला रोपवे लावावा असंही मला वाटत नाही, म्हणून ही तक्रार अर्धीच धरा. आणि ज्यांना चढणं शक्य नाही त्यांनी आलोच नसतो तर बरं असं अजिबात मानू नये, कोन्पोन चूदोमध्ये दिव्यासमोर तासभर बसा, चढलेल्यांपैकी निम्म्यांनी ते पाहिलेलंच नसतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या कठडा अडवणाऱ्या ग्रुपमुळे कापला.

लोकलचं राहिलं. खाली आल्यावर कोन्न्याकूच्या दुसऱ्या काडीपायी आमची गाडी डोळ्यांसमोरून गेली आणि पुढची तासाने. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो, आईने बूट काढून पाय मोकळे केले. समोरच डोंगर. तिथून कड्यावरचा तो सज्जा आणि लाल खोली अगदी स्पष्ट दिसते, मी बोट दाखवून म्हटलं बघ, तिथे होतो आपण. आईने कपाळावर हात धरून बराच वेळ वर पाहिलं.

"हे सकाळी उतरल्या उतरल्या दाखवलं असतंस ना," ती म्हणाली, "तर मी दिव्यापाशीच बसले असते."